अंजलैअक्काचं घर आणि आमची घाई

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ आलं की म्हैसूरला भजी होतात. तिकडं किनाऱ्यावर माड मुळासकट आडवे पडतात, इकडं आमच्या विजयनगरात दोन दिवस आभाळ भरून येतं, बारीक पाऊस लागतो आणि शाली पांघरून सगळे एकमेकांना सांगतात, "एन वेदर री, अगदी उटी!" मागच्या वर्षीच्या वादळात मीही हेच केलं. मिरचीची भजी खात टीव्हीवर उडालेली छपरं बघितली, थोडी चुकचुकले आणि कॉफी गार होतेय म्हणून टीव्ही बंद केला. त्या छपरांशी पुढं माझा काही संबंध येणार आहे असं कुणी सांगितलं असतं, तर मी आणखी चार भजी घेतली असती.

संबंध आणला फिलोमिनानं. ही माझी समोरच्या घरातली मैत्रीण, निवृत्त नर्स, आणि तिच्या चर्चमधल्या प्रत्येक चांगल्या कामात सर्वात पुढं. चर्चनं त्या किनाऱ्यावरच्या एका गावात घर बांधून द्यायचं ठरवलं होतं. नाताळच्या आधीचा आठवडा, चाळीस स्वयंसेवक, एक बस. त्यातल्या एका बाईची कंबर ऐन वेळी धरली.

"शकू, तू चल," फिलोमिना म्हणाली.

"मी? मी तुमच्या चर्चची नाही, मला वीट धरता येत नाही, आणि माझीही कंबर काही फार चांगली नाही."

"ते बेड ग, नकोच सांगूस. टी-शर्ट छापून झालाय. साइज तुझाच आहे."

मानवजातीच्या सेवेसाठी माझी निवड झाली ती अशी. आमच्या घराण्यातले पुरुष म्हणे कुठल्याशा फौजेबरोबर घोड्यावर बसून म्हैसुरात आले आणि इथलेच होऊन राहिले. त्या शूर रक्ताचा आजचा वारस, म्हणजे माझे यजमान मनोहरराव, सोफ्यावरून म्हणाले, "काय ग, सुम्ने, गप घरात बसायला एनु होतंय तुला? आपली गच्ची गळतेय ती कुणी बघायची? ते सोडून तमिळनाडूत जाऊन घर बांधतीस व्हय?"

गच्ची तीन पावसाळे गळत होती आणि तेही तिच्याकडं तेवढेच पावसाळे बघत होते. मी टी-शर्ट घडी करून पिशवीत ठेवला.

बसमध्ये

आमचे नेते विन्सेंट सर. निवृत्त इंजिनियर. हूटगळ्ळीला त्यांचं स्वतःचं घर कित्येक वर्षं बांधायचं चाललंय. वरच्या मजल्याच्या सळया अजून आभाळाकडं हात करून उभ्या आहेत. पण दुसऱ्याचं घर एका आठवड्यात पुरं होतं यावर त्यांचा ठाम विश्वास. गळ्यात शिट्टी, हातात नकाशाची गुंडाळी, आणि बसच्या पुढच्या काचेवर त्यांनीच लावून घेतलेला भलामोठा फलक. त्यावर कन्नड, तमिळ आणि इंग्रजीत एकच वाक्य होतं: 'अम्माला तिच्याच मातीत घर.' खाली एका म्हातारीचा फोटो. म्हातारी कॅमेऱ्याकडं अशी बघत होती, की कुणीतरी तिला जरा बाजूला सरका म्हणालं असावं.

टी. नरसीपूरच्या संगमावर बस थांबली. तिथं आमच्या मंडळींनी एक गाणं म्हटलं, मी पाण्यात पाय बुडवून नमस्कार केला, आणि सगळ्यांनी मिळून इडल्या संपवल्या. हीच कावेरी पुढं आपल्याबरोबर समुद्रापर्यंत येणार आहे, असं फिलोमिना भारावून सांगत होती. मला मात्र एवढंच दिसत होतं, की तिला यायला वळणावळणाची वाट आहे आणि आम्हाला विन्सेंट सरांचं वेळापत्रक.

तंजावरला चहाला उतरलो. इथं एके काळी मराठी राज्य होतं हे लहानपणापासून ऐकलेलं. छाती फुगवून मी हॉटेलवाल्याला अस्सल मराठीत विचारलं, "दादा, चहात साखर कमी घालाल का?" त्यानं माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं आणि तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं, की टॉयलेट मागच्या बाजूला आहे. आमच्या म्हैसुरी मराठीला पुण्यातही असंच काहीतरी उत्तर मिळतं, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही.

गाव

नागपट्टिणम ओलांडून खाली गेलं की जमीन इतकी सपाट होते, की डोळ्याला टेकायला जागा राहत नाही. आमच्याकडं मान वर केली की चामुंडी टेकडी दिसते, आपण कुठं आहोत ते कळतं. इथं चारी बाजूंना आभाळ. मध्येच डोकं उडालेले माड नुसत्या खांबांसारखे उभे होते. वर्ष होत आलं होतं तरी पडलेले माड ओढ्याच्या काठाला तसेच पडून होते आणि त्यांच्यावर कपडे वाळत घातले होते. ते बघून बसमधली गाणी आपोआप थांबली. मला भजी आठवली आणि लाज वाटली, हे इथं सांगून टाकते.

घर जिचं होतं तिचं नाव अंजलै. सत्तरीच्या आसपासची, काळीसावळी, सडसडीत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जुन्या घराचं छप्पर आणि दोन भिंती वादळात गेल्या. तेव्हापासून ती शेजारच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीच्या खोपटात राहत होती. मुलगा सेल्वम बायको आणि मुलीबरोबर तिरुप्पूरला, बनियनच्या कारखान्यात.

आमच्या सोयीसाठी पाया आणि कमरेपर्यंतच्या भिंती स्थानिक गवंड्यांनी आधीच उभ्या केल्या होत्या. म्हणजे आम्ही बांधायचं ते फोटोत येणारं. विन्सेंट सरांनी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "हे बघा. अम्मांचा मुलगा रविवारी येणार आहे. त्यानं फोनवर स्पष्ट सांगितलंय, घर पुरं झालं असेल तर आई इथं राहील, नसेल तर मी तिला तिरुप्पूरला घेऊन जाणार. या वयात आपली माती सोडून जायची? आपण असताना? नो!"

"नो!" चाळीस जणांनी आवाज दिला.

मी अंजलैअक्काकडं बघितलं. ती बसच्या काचेवरच्या फलकातला स्वतःचा फोटो न्याहाळत होती.

कामाबद्दल फार सांगत नाही. चाळीस म्हैसूरकर एका दोन खोल्यांच्या घरावर सोडले की दहा जण काम करतात, दहा जण त्यांना जरा सरका म्हणतात आणि बाकीचे फोटो काढतात. मी घमेलं पुढं देणाऱ्यांच्या रांगेत. आमच्या टोकाहून निघालेलं भरलेलं घमेलं दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत निम्मं व्हायचं आणि उरलेलं निम्मं आमच्या टी-शर्टांवर सापडायचं. पहिल्या दिवशी आम्ही बांधलेली भिंत गवंड्यानं ओळंबा लावून तपासली, पाडली आणि तो चहाला गेला. विन्सेंट सरांनी त्या वेळात सर्वांना भिंत पाडण्यामागचं शास्त्र समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझं घमेलं पायावर पडलं. अंगठा सुजला, आणि माझी बदली स्वयंपाकात झाली. टी-शर्टाचे पैसे वसूल झाले नाहीत, असं फिलोमिनाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

चुलीपाशी

चूल अंजलैअक्काच्या खोपटासमोर. गावातल्या दोन बायका आणि ती आम्हा सर्वांचा स्वयंपाक करत. आमच्या मंडळींनी म्हैसुराहून पुळियोगरेचा म्हणजे चिंचभाताचा गोज्जू, चटणीपुडी आणि डबाभर म्हैसूरपाक आणला होता, जणू तिकडं अन्न मिळत नाही. तिथं मिळालं ते असं: चिंचेच्या आंबट रश्शात ताजा मासा, वर कढीपत्ता, आणि भात इतका की पानाच्या पलीकडचा माणूस दिसू नये. आमच्या सांबारात गूळ असतो हे ऐकून अंजलैअक्का हसली. तमिळमध्ये म्हणाली, "सांबार आहे की पायसम?" म्हैसुरात वाढलेल्या माणसाला चार भाषा अर्ध्याअर्ध्या येतात. माझी तमिळ शेजारच्या घरात खेळून शिकलेली, त्यामुळे खाण्यापिण्याची आणि भांडणाची पक्की. मी आमच्या सांबाराच्या बाजूनं जमेल तेवढी भांडले. त्या भांडणात आमची गट्टी जमली.

ती मला तंगच्ची म्हणायला लागली, धाकटी बहीण. माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडं बघून तिनं एकदा हळूच विचारलं, "तू त्यांच्यातली नाहीस ना?"

"नाही. मी नुसती टी-शर्टातली."

तिनं आजूबाजूला पाहिलं. समोर भिंत खिडकीच्या वर गेली होती. विन्सेंट सर कुणालातरी 'फास्ट, फास्ट' म्हणत होते.

"मग एक विचारू? हे लोक जरा हळू नाही का करू शकत?"

मला वाटलं तिला काम कच्चं होईल अशी भीती वाटतेय. मी समजूत घालायला लागले, की गवंडी बघतोय, भिंत पक्की आहे. तिनं मान हलवली. "पक्की आहे ग. तेच तर. रविवारपर्यंत पुरं झालं तर सेल्वम मला नेणार नाही."

मी ढवळत होते ते थांबले.

मग ती बोलत गेली. वादळाच्या रात्री ती घरात एकटी होती. छप्पर गेलं तेव्हा ती उखळाला मिठी मारून बसली, आणि ओरडून ओरडून तिचा आवाज गेला, तरी कुणाला ऐकू गेलं नाही. तेव्हापासून जरा वारा सुटला की ती रात्रभर जागी बसते. तिला घर नको होतं असं नाही. तिला माणसं हवी होती. नात आता शाळेत जायला लागली होती, फोनवर पाढे म्हणून दाखवायची.

"मग मुलाला सांग ना सरळ."

"असं कसं सांगायचं? घर नसलेली आई मुलाकडं गेली तर कुणी काही बोलत नाही. बिचारी, जाणार कुठं? पण चांगलं पक्कं घर असताना सुनेच्या दारात जाऊन उभं राहायचं? तीच म्हणेल, हिला तिथं काय कमी होतं?" तिनं माझा हात धरला. "तू कुणाला सांगू नकोस हं. सांगितलंस तर त्याला वाटेल, आईनं परक्यांच्या तोंडून निरोप धाडला. आणि हे लोक किती लांबून आलेत. त्यांना वाईट वाटेल."

आम्हाला वाईट वाटेल! वर्षभर ताडपत्रीखाली राहिलेल्या बाईला चिंता होती ती आमच्या चाळीस टी-शर्टांची.

माझे उद्योग

तोंड बंद ठेवायचं वचन दिलं होतं, हात बांधून ठेवायचं नव्हतं. तेव्हापासून मी त्या घराच्या हात धुवून मागं लागले. घरं लवकर पुरी व्हावीत म्हणून नवस बोलणारी माणसं मी बघितलीत. एक चांगलं घर रखडावं म्हणून झटणारी बहुतेक मीच पहिली.

आधी कॉफी. बांधकाम रंगात आलं की मी फिल्टर कॉफीचा तांब्या घेऊन उगवायची. म्हैसूरचा माणूस कॉफीला नाही म्हणणार नाही, कॉफीबरोबर गप्पा होणार, गप्पांत अर्धा तास जाणार. झालं उलटंच. कॉफी पोटात गेली की सगळे दुप्पट जोरानं कामाला लागायचे. फिलोमिना म्हणाली, "शकू, तुझी कॉफी म्हणजे पेट्रोल ग!"

मग मी पावसावर भिस्त ठेवली. त्या दिवसांत तिकडं पाऊस असतोच. आलाही. पाच मिनिटं पडला, नव्या गिलाव्याला हवं तेवढंच पाणी मिळालं म्हणून गवंडी खूश झाला, आणि ऊन पडलं.

शेवटी मी चोरी केली. पत्रे बसवायचे हूक एका खोक्यात आले होते. ते खोकं उचलून मी तांदळाच्या पोत्यामागं ठेवलं आणि वर चटणीपुडीचा डबा. हुकांशिवाय छप्पर बसत नाही हे मला तीन दिवसांत कळलं होतं. पण विन्सेंट सरांनी शोधाशोध केली ती दहाच मिनिटं. मग कुणाचीतरी मोटरसायकल घेऊन ते तालुक्याला गेले आणि दुप्पट हूक, शिवाय ते बसवणारे दोन कारागीर घेऊन आले. माझ्या चोरीमुळं छप्पर एक दिवस आधी बसलं. आकाशी रंगाचे पत्रे उन्हात चमकायला लागले, सर्वांनी टाळ्या वाजवल्या. अंजलैअक्कानंही वाजवल्या, सगळ्यांच्या शेवटी, सावकाश.

मी फिलोमिनाला चाचपून बघितलं. "समज, त्या अक्काला इथं राहायचंच नसेल तर?"

"काहीतरी काय! मी स्वतः विचारलंय तिला, आधी जागा बघायला आलो होतो तेव्हाच, सगळ्यांसमोर. अम्मा, तिरुप्पूरला जायचंय का? नाही म्हणाली. वेंडाम, वेंडाम, मी कुठं जाणार, असं म्हणाली. मग सरांनी फलक केला."

फलक झाला म्हणजे विषयच संपला.

मार्गळी

शनिवारी पहाटे देवळाच्या भोंग्यानं जाग आली. बाहेर आले तर गल्लीभर बायका अंगणात रांगोळ्या घालत होत्या, आणि रांगोळीच्या मधोमध शेणाचा गोळा, त्यावर भोपळ्याचं पिवळं फूल. अंजलैअक्कानं खोपटासमोर घातली होती, नव्या घरासमोर नाही. मी विचारलं, "तिकडं का नाही?"

"मार्गळी आहे ना," ती म्हणाली. "घरात जाण्याआधी कशी घालायची?"

मी कपाळाला हात लावला. मार्गळी म्हणजे आमचा धनुर्मास, पोंगलच्या म्हणजे संक्रांतीच्या आधीचा महिना! म्हैसूरला या महिन्यात पहाटे उठून देवळात जायचं, गरम हुग्गी, म्हणजे मुगाची खिचडी, खायची, आणि लग्न, मुंज, गृहप्रवेश यांचं नावसुद्धा काढायचं नाही. आमच्या विजयनगरात या महिन्यात कुणी भाड्याचं घरसुद्धा बदलत नाही. नाताळचा आठवडा दरवर्षी बरोबर याच महिन्यात येतो, आणि नाताळची भेट म्हणून घर द्यायला निघालेल्या मंडळींना ते घर हिंदू बाईचं आहे हे ठाऊक असूनही महिना कुणाच्या डोक्यात आला नव्हता. माझ्यासकट. आणि मी तर स्वतःला शहाणी समजून पोत्यामागं हूक लपवत होते.

"अक्का, तू बोलली का नाहीस? या महिन्यात नव्या घरात राहायला जायचं नसतं!"

"फुकट मिळालेल्या घराला महिना कसा विचारायचा ग?"

मी विचारला. तशीच विन्सेंट सरांकडं गेले. खरं सांगायचं तर शुभ-अशुभावर माझा काडीचा विश्वास नाही. मनोहररावांनी राहुकाळात घेतलेली आमची स्कूटर आजही पळते. पण त्या सकाळी माझ्याइतकी धर्मनिष्ठ बाई त्या जिल्ह्यात नसेल.

"सार, धनुर्मासात गृहप्रवेश? अय्यो! आमच्यात असं झालं तर माणूस त्या घरात पाय ठेवत नाही."

विन्सेंट सरांच्या तोंडातली शिट्टी खाली आली. ते काही परग्रहावरून आले नव्हते. हूटगळ्ळीच्या घराचा पाया त्यांनीही शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मुहूर्त बघूनच घातला होता. आमच्याबरोबर आलेल्या फादरांना बोलावलं. भले गृहस्थ. ते म्हणाले, "त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवायलाच हवा. रविवारी फक्त किल्ली देऊ. राहायला अम्मा पोंगल झाल्यावर जातील."

मी मनातल्या मनात उडी मारली. घर पुरं झालं, फोटो निघाले, कुणाचं मन दुखलं नाही, आणि अक्काला घरात जाता येत नाही म्हणजे सेल्वम तिला महिनाभर तरी घेऊन जाणार. एकदा गेली की नात तिला सोडते कुठं! हे सगळं मी अक्काला चुलीपाशी समजावलं. तिनं माशाचा सर्वात मोठा तुकडा माझ्या पानात वाढला. संध्याकाळी खोपटात डोकावले तर तिच्या साड्यांचं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलेलं होतं.

रविवार

सकाळची प्रार्थना आटोपून सगळे घरासमोर जमले. दाराला लाल फीत, तबकात किल्ली, फलक दोन बांबूंना बांधलेला. सेल्वम रिक्षातून उतरला. बारीक, कानाशी केस पिकलेला, चेहरा थकलेला. त्यानं घराला एक फेरी मारली. भिंतीवरून हात फिरवला, पत्र्याकडं मान वर करून बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. विन्सेंट सरांचा हात दोन्ही हातांत धरून त्यानं तो कपाळाला लावला. त्या क्षणी मला आमच्या सगळ्या टी-शर्टांचा अभिमान वाटला, हेही खोटं नाही.

मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. घसा खाकरून तमिळमध्ये म्हटलं, "पण तंबी, मार्गळी आहे. आई पोंगलपर्यंत घरात जाऊ शकत नाही."

"हो, ते आहेच," सेल्वम म्हणाला. "काही हरकत नाही. वर्ष काढलं तिनं खोपटात, आणखी काही दिवस काढेल. शेजारीपाजारी आहेत. पोंगल झाला की मी येऊन दूध उतू घालून देतो आणि परत जातो. अम्मा, चालेल ना?"

"चालेल," अंजलैअक्का म्हणाली.

संपलं. माझी पार हवा गेली. मी केलेल्या एवढ्या शहाणपणाची कमाई काय, तर तिला नवं घरही नाही आणि मुलगाही नाही. ताडपत्री मात्र नक्की. फिलोमिना गाणाऱ्यांना खूण करत होती. विन्सेंट सरांनी कात्री पुढं केली, "अम्मा, या." अक्का पुढं आली. कात्री हातात घेतली. मी दुसरीकडं बघायला लागले, मला ते बघवेना.

कात्रीचा आवाज आला नाही.

"सेल्वा," ती म्हणाली, "मला घेऊन चल."

गाणं सुरू झालं होतं ते पहिल्या ओळीतच बंद पडलं. आमच्यातल्या निम्म्यांना तमिळ चांगली कळते, उरलेल्यांना तिच्या आवाजावरून कळलं.

"घर छान आहे. यांना देव सुखात ठेवो. पण वारा सुटला की हाक मारायला इथं कुणी नाही रे. मला एकटीला भीती वाटते."

सेल्वम तिच्याकडं बघतच राहिला. "अम्मा, मी दर वेळी फोनवर विचारलं तुला. येतेस का, येतेस का. दर वेळी तू नको म्हणालीस. मला वाटलं तुला इथून हलायचंच नाही. म्हणून तर मी या लोकांच्या पाया पडलो घरासाठी."

"तू एकदाच विचारायचास," ती म्हणाली.

म्हैसूरला कुणाच्याही घरी जा, कॉफी घेणार का म्हटलं की आम्ही 'बेड, बेड', नको नको म्हणतो. दुसऱ्यांदाही बेड. तिसऱ्यांदा विचारलं की पेला हातात घेतो, आणि ज्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही त्याची घरी येऊन निंदा करतो. असे चाळीस जण आम्ही तिथं उभे होतो. त्या बाईला आम्ही दारं दिली, खिडक्या दिल्या, छप्पर दिलं, पण दुसऱ्यांदा विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं. फिलोमिनाला बरं वाटावं म्हणून तिच्याकडं बघावं, तर ती टी-शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होती.

विन्सेंट सरांनी हळूच विचारलं, "मग अम्मा, घर?"

"घर कुठं पळतंय? कुलूप लावून ठेवा. पोंगलला सगळे मिळून येऊ."

सेल्वम खोपटात गेला आणि गाठोडं घेऊन बाहेर आला. ते आधीपासून बांधलेलं बघून तो क्षणभर थबकला. रिक्षापाशी जाऊन म्हणाला, "चल, अम्मा."

आणि इतकं सगळं बोलून झाल्यावर अंजलैअक्का काय म्हणाली असेल? पदर सारखा करत, जमिनीकडं बघत म्हणाली, "वेंडाम रे. आत्ता लगेच कशाला? तुझ्या बायकोला विचारलं नाहीस, काही नाही. पोंगलनंतर बघू."

सेल्वमनं गाठोडं रिक्षात ठेवलं, परत तिच्यापुढं येऊन उभा राहिला आणि अगदी सावकाश म्हणाला, "चल ना, अम्मा."

"नको रे, उगीच तुम्हाला त्रास."

त्यानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तोवर ती रिक्षात बसली होती.